पासिंगला आलेली पोर्श

सचिन तेंडुलकरच्या फेरारीची गोष्ट मराठी माणसाला तोंडपाठ आहे. २००२ साली त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला लाल ३६० मोडेना मिळाली, मग आयात शुल्काचे १ कोटी १३ लाख रुपये सरकारने माफ केले म्हणून गदारोळ उठला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी ती रक्कम फियाट कंपनीने भरली. २०११ मध्ये गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. दुसऱ्या वर्षी राजेश मापुसकरांचा ‘फेरारी की सवारी’ आला. त्यात आरटीओतला एक प्रामाणिक कारकून पोराच्या क्रिकेटपायी सचिनची गाडी न विचारता घेऊन जातो.

एवढ्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी विचारली नाही. तिचा टायमिंग बेल्ट कोण बदलत होतं?

प्रश्न क्षुल्लक नाही. त्या मॉडेलचा बेल्ट गाडी चालो वा न चालो, दर काही वर्षांनी बदलावाच लागतो. रबर आहे, ते बसूनही म्हातारं होतं. तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन भंगारात जातं. त्याआधीच्या ३५५ ला या कामासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. ३६० ला निदान सीटच्या मागच्या झाकणातून हात घालता येतो. गाडी भेट मिळते त्या दिवसाची बातमी होते. त्यानंतरचे सगळे दिवस मेकॅनिकच्या हिशेबात जमा होतात, आणि दुसऱ्या मालकाच्या वाट्याला फक्त तेच दिवस येतात.

कोकणातल्या आमच्या देवरूखात हा विषय निघायचं कारण आळीतलेच एक मामा-भाचे आहेत. भाचा चार्टर्ड अकाउंटंट. त्याच्याकडे २०१० ची पोर्श बॉक्स्टर आहे, अर्थात जुनी घेतलेली: दोन माणसांची, कापडी छपराची, इंजिन पोटात असलेली. मामा एसटीच्या कार्यशाळेतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली आहे. मामांचं म्हणणं, ही विकायची वेळ. भाच्याचं म्हणणं, ही पासिंग करून घ्यायची वेळ. गोठ्याचं गॅरेज केलंय, तिथे जांभ्याच्या भिंतीला टेकून दोघे बसले होते आणि मीही होतो. जसं ऐकलं तसं देतो आहे. जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

मामा : चाळीस हजार. नुसत्या नोंदणीला. माझ्या अल्टोला पाच हजार आणि तुझ्या या खेळण्याला चाळीस?

भाचा : बाहेरून आलेल्या गाडीला एप्रिल २०२२ पासून तोच दर आहे. वर पर्यावरण कर वेगळा. आणि मुदत पाचच वर्षं.

मामा : म्हणजे पुढच्या खेपेला परत चाळीस.

भाचा : परत चाळीस नाही. वीस वर्षं उलटली की ऐंशी.

मामा : घ्या. सरकारसुद्धा सांगतंय, काढून टाक म्हणून.

भाचा : सरकार सांगतंय, ठेवायची तर पैसे मोज. ते मोजायला माझी हरकत नाही. तू हे बघ की मी काय भावात घेतली. नवी आली तेव्हा पहिल्या मालकाने गाडीच्या किमतीच्या तोडीची ड्युटी भरली. आजही महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स २० टक्के आहे. शोरूमच्या दारातून बाहेर पडताना जी घसरण झाली ती त्याच्या खिशातून. मला मिळाली ती नव्या फॉर्च्युनरपेक्षा कमी पैशात. त्याच पैशात लोक डोंगराएवढी डिझेल गाडी घेतात, त्यांना कुणी विचारत नाही.

मामा : घेतानाचं बोलू नकोस. गाडी जुनी झाली म्हणून तिचं सामान जुन्या भावाने मिळतं का? ब्रेकची डिस्क, वॉटर पंप, सस्पेन्शनचे बुश, सगळं नव्या गाडीच्या भावाने. त्यावर पुन्हा ड्युटी. गाडीची किंमत उतरते, पोटातल्या सामानाची चढते. तू जुनी गाडी घेतलीस ती निम्म्या भावात, पण खर्च करतोयस तो मूळ भावाच्या गाडीचा.

मामांचं हे वाक्य जुन्या परदेशी गाड्या विकणाऱ्या प्रत्येक दुकानाच्या दारावर लावावं असं मला वाटतं. स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली स्पोर्ट्स कार सहा महिन्यांत ताडपत्रीखाली जाते, याचं कारण एवढंच आहे. हप्ता परवडतो, क्लच परवडत नाही. जुन्या लॅम्बोर्गिनी गॅलार्डोचा ऑटोमॅटिक क्लच मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये बघता बघता संपतो आणि मालक त्याचं अंदाजपत्रक हातात धरून बसतो.

भाचा : म्हणून तर मी फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या नादी लागलो नाही. फेरारीच्या त्या काळातल्या गाड्यांची आतली बटणं दमट हवेत फणसाच्या चिकासारखी हाताला चिकटायला लागतात. प्लॅस्टिकवरचा थर विरघळतो. मुंबईत होतं ते, इथे आषाढात काय होईल? मी शोधून २००९ नंतरची बॉक्स्टर घेतली. त्याआधीच्या इंजिनात मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग होतं, इंटरमीडिएट शाफ्टचं. ते गेलं की इंजिन गेलं. २००९ ला नवं इंजिन आलं त्यात तो शाफ्टच नाही.

मामा : आणि आधीच्या गाड्यांचं ते बेअरिंग कुणाचं जायचं? जास्त चालवणाऱ्याचं?

भाचा : नाही ना. गंमत तीच आहे. उभ्या ठेवणाऱ्यांचं जास्त जातं असा ते उघडणाऱ्या कारागिरांचा अनुभव. रविवारी एक फेरी, मग महिनाभर ताडपत्री. ऑइल फिरत नाही, पाणी धरतं.

मामा : ते मला सांगू नकोस. आगारात बसलेली गाडी सगळ्यात आधी बिघडते.

भाचा : मग? तुझ्याच तोंडचं वाक्य आहे. मी गाडी चालवतो. रत्नागिरीला क्लायंट असला तरी हीच, कोल्हापूरला ऑडिट असलं तरी हीच. दुसऱ्यांचं बघ. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरांतल्या मोजक्या पंपांवर, ते देवरूखात कुठून येणार? उभी गाडी असली तर तेच पेट्रोल टाकीत महिनोन् महिने बसणार. माझी टाकी आठ-दहा दिवसांत रिकामी होते, काही बसत नाही आणि काही गंजत नाही.

इथे मामा थोडे गप्प झाले. भाच्याचा हा मुद्दा खरा आहे आणि मामांचा अख्खा जन्म त्याच तत्त्वावर गेलेला. पण माणूस हरला असं समजू नये. ते उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढचं बॉनेट उघडायला सांगितलं.

मामा : हे काय आहे?

भाचा : सामान ठेवायची जागा.

मामा : मागचं उघड. हे?

भाचा : तीही सामानाचीच. ऑइल आणि कूलंट ओतायची तोंडं तेवढी इथे आहेत.

मामा : इंजिन कुठाय?

भाचा : मधोमध. सीटच्या मागे, छपराखाली. कापड अर्धं वर उचलून, आतलं कव्हर काढून...

मामा : ऑइल बघायची काठी?

भाचा : काठी नाही. डॅशबोर्डवर दाखवतं. गाडी गरम असली पाहिजे, सपाटीवर उभी असली पाहिजे, मग थोडा वेळ थांबायचं.

मामा : देवरूखात सपाटी! सपाटी शोधत राजवाड्याच्या मैदानात नेतोस की काय? ऐक. मला तुझ्या पैशाचं काही नाही. तुझे आहेत, उडव. माझा आक्षेप हा आहे की या गाडीला इथे कोणी हात लावू शकत नाही. आमची गाडी साखरप्याच्या अलीकडे बंद पडली तर ड्रायव्हर कंडक्टरला पिटाळायचा, कंडक्टर पाना घेऊन यायचा, तासाभरात गाडी चालू. दीडशेच्या आतली अश्वशक्ती, पंचेचाळीस माणसं, टपावर आंब्याच्या पेट्या. तुझ्या इंजिनाला २५५ अश्वशक्ती आणि माणसं दोन. बंद पडली तर तू काय करणार? फोन करणार. ट्रक येणार कोल्हापूरहून नाहीतर मुंबईहून. तोवर तू रस्त्याच्या कडेला बसणार आणि येणारा-जाणारा फोटो काढणार.

भाचा : आजच्या कुठल्या गाडीचं तसं नाही? तुझ्या शेजाऱ्याची नवी एसयूव्ही सेन्सर गेला म्हणून तीन दिवस रत्नागिरीत पडून होती.

मामा : तिचा सेन्सर रत्नागिरीत मिळाला. तुझा विमानाने येतो.

मामी आतून कोकमाचं सरबत घेऊन आल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की दोघांचीच गाडी आहे तर गणपतीला माहेरी जाताना मागे कोण बसणार. त्याला दोघांपैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून विषय बदलला.

मामा : टायरचं बघ. मागचे रुंद, पुढचे अरुंद. आम्ही नवा टायर पुढे घालायचो, झिजला की त्याचा रिमोल्ड करून मागे. चार पैसे वाचायचे. इथे पुढचा मागे जात नाही. एक फाटला तरी घ्यायची जोडी.

भाचा : बरोबर. त्यात दुमत नाही. मी दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळी टाकतो. टायर, ब्रेक, पट्टे, बॅटरी, सगळं त्यातून. ज्या महिन्यात काही निघत नाही त्या महिन्यातही टाकतो. ज्यांना जमत नाही त्यांनी घेऊ नये, मी दहा जणांना हेच सांगितलंय. माझ्याकडे येऊन विचारतात ना, पोर्श घेऊ का? मी विचारतो, गाडीच्या किमतीच्या वर आणखी किती आहेत? गप्प बसतात.

मामा : मग एवढं करून मिळतं काय?

यावर भाचा बराच वेळ बोलला. त्याचं सगळं इथे देत नाही, पण सार असं. पहाटे निघायचं. देवरूखातून साखरपा, तिथून आंबा घाट. छप्पर उघडं. घाटात गाड्या नसतात तेव्हाही तो साठ-सत्तरच्या वर जात नाही, कारण तेवढ्यातच सगळं कळतं. या पिढीची बॉक्स्टर हायड्रॉलिक स्टिअरिंगवाली शेवटची; २०१२ नंतर पोर्शने विजेचं स्टिअरिंग घातलं. हायड्रॉलिकमध्ये रस्त्याचा पोत हाताला लागतो: कुठे डांबर नवं आहे, कुठे खडी सुटली आहे, कुठे वळणाच्या आतल्या बाजूला ओल आहे. इंजिन कानामागे, वजन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. वळणात शिरताना नाक हलकं वळतं आणि मागची बाजू आज्ञाधारकपणे पाठोपाठ येते. वर पोचलं की घाटमाथ्यावर चहा, आणि कोल्हापूरच्या क्लायंटकडे दहाच्या ठोक्याला.

मामा : गिअर कोण टाकतं?

भाचा : पीडीके आहे. दुहेरी क्लचचा ऑटोमॅटिक. भारतात मॅन्युअल शोधून मिळत नाही.

मामा : म्हणजे गिअर गाडी टाकते, ब्रेकमधली चूक गाडी सांभाळते, घसरली तर कॉम्प्युटर धरतो. आणि चालवतोस म्हणे तू. आम्ही पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्या घाटात फिरवल्या. रस्त्याचा पोत खांद्याला लागायचा, हाताला नाही.

हा घाव वर्मी लागला. भाच्याने गिअरच्या पॅडलबद्दल काहीतरी सांगितलं, पण आवाजात जोर नव्हता. मलाही वाटतं, गाडी ‘चालवण्याच्या’ आनंदाबद्दल जे बोलतात त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन बोलू नये. अर्थात भाच्याचं उत्तर नंतर आलं आणि ते बिनतोड होतं: मॅन्युअलची वाट बघत बसलो असतो तर पन्नाशीत कंबर धरून बसलो असतो, या गाडीत बसायला आधी खाली बसता आलं पाहिजे.

मामा : बरं, घाट झाला. गावातलं बोल. जमिनीपासून उंची किती? चार-पाच बोटं. साडवलीच्या बाजूला तो गतिरोधक आहे तिथे तू गाडी तिरपी घालतोस, मागचा डंपर हॉर्न मारत उभा राहतो. आपल्याच दारातल्या गटारावर सिमेंटचा उतार बांधावा लागला तुला.

भाचा : एकदा बांधला, झालं.

मामा : आणि मुंबई-गोवा रस्ता? २०११ पासून चौपदरी होतोय. संगमेश्वराजवळ कुठे वळसा, कुठे काँक्रीट, कुठे मध्येच खड्डा.

भाचा : म्हणून मी मुंबईला ती नेत नाही. कोकण रेल्वे आहे. ही माझी कोल्हापूरची आणि रत्नागिरीची गाडी आहे, सगळीकडची नाही. मामा, प्रत्येक गाडी सगळ्या रस्त्यांसाठी कशाला लागते?

मामा : एक शेवटचं विचारतो, आणि हे थट्टेचं नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात, कल्याणीनगरला पोर्शने दोन इंजिनिअर पोरांना उडवलं. बाईकवर होती बिचारी. चाकावर सतरा वर्षांचा मुलगा होता असं पोलिसांनी सांगितलं. तीनशे शब्दांचा निबंध लिही म्हणून बाल न्याय मंडळाने सोडला. आणि त्या गाडीची कायम नोंदणीच झाली नव्हती, १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती. तेव्हापासून माझ्या डोक्यात पोर्श म्हटलं की तेच येतं. बाहेर चौकात बसलेल्या माणसाच्या डोक्यातही तेच येत असणार.

भाचा : येतं. मला तोंडावर बोललेत. पण मामा, ती गाडी विजेवरची टायकान, माझ्या गाडीपेक्षा कितीतरी जोरदार. आणि प्रश्न गाडीचा नव्हता.

मामा : प्रश्न गाडीचाही होता. एसटीला वेग बांधून दिलेला असतो. तुझ्या गाडीला कुणी बांधत नाही.

भाचा : मी बांधतो.

मामा : तू बांधतोस, कबूल. पण तुझ्या मागे लागणारी पोरं बांधत नाहीत. शनिवारी तू मातृमंदिराजवळून वळलास, मागे दोन बाईक, मागचा पोरगा उभा राहून मोबाइल धरून. हेल्मेट नाही. तुला आरशात दिसले का?

भाचा : दिसले. मी गाडी बाजूला घेऊन थांबलो.

मामा : थांबलास, ते पुढे गेले आणि परत तुझी वाट बघत थांबले. त्यातला एक पडला असता तर? तुझी चूक नसती. पण तुझ्या गाडीमुळे पडला असता.

भाच्याने यावर काही उत्तर दिलं नाही आणि मला ते आवडलं. कारण या आक्षेपाला उत्तर नाही. मुंबईत अशा गाड्या रोज दिसतात, कोणी मान वळवत नाही. देवरूखात एकच आहे आणि ती रस्त्यावर आली की रस्ता बदलतो. गाडीचा मालक फक्त आपल्या वेगाला जबाबदार असतो की दुसऱ्याच्या डोक्यात चढलेल्या वेगालाही, हे कुठल्याच विमा पॉलिसीत लिहिलेलं नसतं.

मग बोलणं भलतीकडे गेलं. भाच्याने कोल्हापूरच्या शाही दसऱ्याचा दाखला दिला: छत्रपतींची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, लोक तासन् तास थांबतात, तिला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. मामा म्हणाले, ती वर्षातून एक दिवस मिरवते, बाकी दिवस राजघराणं सांभाळतं. तुझी गाडी मला सांभाळावी लागते. मग मामांनी विचारलं, परदेशीच कशाला, आपल्या मुंबईच्या दिलीप छाब्रियांची अवंती का नाही? २०१२ च्या ऑटो एक्स्पोत मिरवली होती. भाचा म्हणाला, तिच्यातही इंजिन रेनॉचंच आहे, आणि पार्टसाठी रेनॉकडे जायचं की छाब्रियांकडे हे आधी ठरवावं लागेल. तो विषय तिथेच संपला.

‘मला सांभाळावी लागते’ हे मामा उगाच म्हणाले नव्हते. आता ते सांगतो, कारण या वादाचा निकाल माझ्या मते तिथे आहे.

बॉक्स्टरचं छप्पर मागे जिथे दुमडतं, तिथे दोन्ही बाजूंना पाणी जायला बारीक भोकं आहेत. जर्मनीत त्यात धूळ जात असेल. इथे त्यात जातात आंब्याचा मोहोर, सुरूच्या काड्या, शेवाळ आणि वरच्या माडाची बारीक कुसळं. भोक तुंबलं की पाणी छपरातून थेट सीटखाली उतरतं, आणि सीटखाली या गाडीची एक इलेक्ट्रॉनिक पेटी असते. ती भिजली की कुलूप उघडत नाही, गाडी सुरू होत नाही, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस बसतो. पहिल्या पावसाळ्यात भाच्याने या भोकांचा पत्ताच वाचलेला नव्हता. मामांनी छपराची घडी बघितली, पाणी कुठून जात असेल याचा माग काढला, ग्रासकटरची नायलॉनची दोरी कापून आणली आणि चारही नळ्या साफ केल्या. दोरी आत सरकवायची ती हलक्या हाताने, दामटली तर खालची नळी निसटते. मग तांब्याने पाणी ओतायचं आणि गाडीखाली वाकून बघायचं, धार दोन्ही बाजूंना सारखी पडते का. मृगाच्या आधी एकदा, गणपतीच्या आधी एकदा, दिवाळीत एकदा.

तेवढंच नाही. माडाखाली उभी करायची नाही, झावळ पडली तर कापड फाटतं आणि नारळ पडला तर काच. गोठ्याच्या दाराला खालून जाळी मारली ती उंदरांसाठी; वायर कुरतडली की अख्खी गाडी उघडावी लागते. श्रावणात चामड्याच्या सीटवर पांढरी बुरशी चढते, त्यासाठी दर दोन दिवसांनी एसी चालवून काचा बंद. हे सगळं कोणी केलं? ज्याचा या गाडीला विरोध आहे त्याने.

म्हणून मला वाटतं, भाच्याने गाडी ठेवावी आणि बाकी कुणी त्याचं बघून घेऊ नये. जुनी स्पोर्ट्स कार रोज चालवणं हा पैसेवाल्याचा छंद आहे असं लोक समजतात. पैसा लागतो, पण पैसा असलेले पुष्कळ आहेत. भाच्याजवळ त्याहून दुर्मीळ गोष्ट आहे. त्याच्या घरात एक माणूस असा आहे जो गाडी नावडत असूनही तिच्याखाली वाकतो. सुरतेच्या त्या व्यावसायिकाला फेरारीसोबत असा मामा मिळाला होता का, हे कळायला मला आवडेल.

भाच्याने कागद पुढे केले.

भाचा : फॉर्म २५ भरलाय. विमा, पीयूसी, सगळं आहे. फी ऑनलाइन भरतो, मग रत्नागिरीला गाडी दाखवायला न्यायची.

मामा : म्हणजे ठरवलंसच.

भाचा : तू म्हणशील तर विकतो.

मामा : कोणाला विकणार? मुंबईचं गिऱ्हाईक एमएच-०८ बघून विचारणार, कोकणात काय केलंत हिचं? खालून गंज बघणार आणि निम्मे कापणार. मग कशाला. पाच वर्षं ठेव. पण शनिवारी मातृमंदिराकडून जायचं नाही, शाळा सुटायच्या वेळी काढायची नाही आणि चाकरमानी आले की गणपतीभर गोठ्यात.

भाचा : कबूल.

मामा : रत्नागिरीला पालीवरून जाऊ. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतलास?

भाचा : कुठून घ्यायचा तेच सापडत नाही.

मामांनी पुढच्या डिकीतला गालिचा उचलला, बॅटरीजवळचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, खिशातला टॉर्च तोंडात धरला आणि आत डोकं घातलं. थोड्या वेळाने आतूनच एकेक अक्षर वाचायला लागले. भाचा लिहून घेत होता. डब्ल्यू, पी, शून्य. मग तीन झेड. असं करत करत अकराव्या अक्षरापाशी ते थांबले.

मामा : इथे यू आहे. एस हवा होता ना? स्टुटगार्टचा एस, असं तू त्या दिवशी सांगत होतास.

भाचा : एस स्टुटगार्टच्या गाड्यांना. यू म्हणजे फिनलंडचा कारखाना. काही बॉक्स्टर त्यांनी तिकडे बांधून घेतल्या.

मामा : एवढे चाळीस हजार भरून ही जर्मनसुद्धा नाही?

भाचा : पोर्शच आहे, मामा. बांधली फक्त तिकडे.

मामा : तरीच. बर्फातल्या माणसांनी बांधलेली, त्यांना मोहोर कुठून माहीत असणार. पेन्सिल दे.